खळं उठेपर्यंत

डॉक्टर पाळंदे निरोप धाडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते स्वतःच टांगा करून कुसगावात आले, तेव्हाच मुक्ताबाईनं ओळखलं की आजचं काही धड नाही. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचा दवाखाना, मुंबईच्या शेटलोकांच्या बंगल्यांवर त्यांची ये-जा. असा माणूस धोतराचा सोगा सावरत, शेणाचा पो चुकवत भिमाजीच्या अंगणात येऊन उभा राहतो, तो काय पाहुणचाराला? मुक्ताबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर ओढला आणि भावाला हाक मारली, "दादा, डाक्तरसायेब आल्यात."

दसरा नुकताच झाला होता. शिवारात आंबेमोहोर पिवळा पडला होता. अशा दिवसांत मावळात घरी सापडतात ती म्हातारी माणसं आणि आजारी माणसं. पण आज भिमाजीनं सगळ्यांना थांबवून घेतलं होतं. थोरला बजरंग खांबाला टेकून विळा परजत बसला होता, जणू त्याला या बसण्याशी काही देणंघेणंच नाही. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी, म्हणून घरातलं सगळं धाकट्या सुनेवर, झुंबरबाईवर. झुंबरबाईचा भाऊ गेणू सकाळच्या गाडीनं तळेगावाहून आला होता. तो तिथं रेल्वेत खलाशी, अंगमेहनतीच्या कामावर; त्यांचं गाव आंबी. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो धाकटा अंबाजी आतल्या पडवीत डोक्याला फडकं आवळून पडला होता. सव्वीस वर्षांचा गडी. दीड वर्षापूर्वी भाताचं पोतं खांद्यावर टाकून बांधावरून पळायचा. आता पहाटे डोकं असं ठणकायचं की भिंतीवर आपटून घ्यायचा.

डॉक्टरांनी आत जाऊन पुन्हा त्याच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, पारा चढवला, उतरवला. मग ते बाहेर आले. भिमाजीनं घोंगडी झटकून अंथरली. डॉक्टर बसले आणि म्हणाले, "याला मार लागला होता म्हणालात. कुठं, ते पुन्हा दाखवा."

बजरंगानं विळा ठेवला. स्वतःच्या डाव्या कुशीवर, बरगडीच्या खाली हात ठेवून म्हणाला, "हितं. उरसातल्या शर्यतीत. गाडा जुपताना बैलं उधाळली आन् जुवाचं टोक बसलं."

"लघवीतून रक्त गेलं होतं?"

"लाल गेलतं दोन-तीन दिस. आमाला वाटलं उष्णता झाली."

"मग उपचार काय केला?"

ते सगळ्यांना ठाऊक होतं. बजरंग आढ्याकडे बघत म्हणाला, "पाठ लय धरली हुती. उसण म्हनून आत्यानं पाय लावला. पायाळू हाय ती."

डॉक्टरांनी मुक्ताबाईकडे पाहिलं. पायाळू, म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पायानं आलेलं माणूस. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण निघते, हे मावळात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. तिकोणा पेठेपासून माणसं गाडीत घालून मुक्ताबाईकडे यायची. सकाळी उपाशीपोटी, रोग्याला पालथं निजवायचं, कुणी कुणाशी बोलायचं नाही आणि तिनं डाव्या टाचेनं दाबायचं. त्याबद्दल ती कधी दिडकी घेत नसे. नारळ तेवढा देवापुढं ठेवायचा. विधवा बाई म्हणून सवाष्णींनी जिला हळदीकुंकवाला कधी बोलावलं नाही, तिच्या पायाशी तेच लोक पालथे पडायचे. तिला त्याचा अभिमान होता आणि का नसावा?

"किती दाबलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाबत्यात तेवढं," मुक्ताबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "वरडला त्यो. पन वरडत्यातच समदी. उसण निघताना दुखतंच."

डॉक्टरांनी मान हलवली आणि मग एकेक शब्द सुटा करून सांगितलं. माणसाला पाठीत दोन मूत्रपिंडं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकाला रक्ताची एक जाड नळी जाते. अंबाजीची डावी नळी मारानं आतून दुखावली असावी, अरुंद झाली असावी. रक्त पुरेसं पोचत नाही, म्हणून ते मूत्रपिंड रक्तात काही तरी रस सोडतं आणि साऱ्या अंगातल्या रक्ताचा दाब चढतो. डोकं त्यानं ठणकतं, नाक त्यानं फुटतं.

भिमाजी शेतकरी माणूस. त्याला हे पटेना. "डाक्तर, वाफ्याचा पाट बुजला तर त्यो वाफा कोरडा पडंल. समद्या शिवारात पूर कसा येईल?"

"तो वाफा कोरडा पडला की गप्प बसत नाही, भिमाजी. पाणी द्या म्हणून ओरडतो. मग वरचा माणूस वळवणचं धरणच उघडून देतो. याच्या वाट्याला तरीही पाणी येत नाही, आणि बाकीच्या वाफ्यांचे बांध फुटतात."

"मग औषिध द्या."

"दाब नेमका उतरवणारं औषध माझ्यापाशी नाही. मीठ बंद करा, झोपेच्या पुड्या देतो. त्यानं दिवस निघतील, दुखणं निघायचं नाही. उपाय एकच आहे. ते डावं मूत्रपिंड काढून टाकायचं. परदेशात आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले, आता माणसांवरही झालेत. सगळेच बरे होतात असं मी म्हणणार नाही. पण हा तरणा आहे, आणि याचं दुसरं मूत्रपिंड आज चांगलं आहे. पुण्यातले सर्जन करायला तयार आहेत. माझं त्यांच्याशी बोलणं झालंय."

"येकावर निभतंय का मानसाचं?" गेणूनं विचारलं.

"एका मूत्रपिंडावर माणूस म्हातारा होऊन मरतो. पण लवकर करायला हवं. त्या चांगल्यावर रोज या दाबाचा मारा होतोय. ते किती दिवस तग धरेल, मी सांगू शकत नाही."

हे सगळं मुक्ताबाईच्या कानांवर पडत होतं. पण तिच्या मनात एकच प्रश्न घोळत होता, आणि डॉक्टर उठले तेव्हा तो तोंडातून निघालाच. "डाक्तर, नळी कशानं चेंबली? जुवानं का…"

"ते मला सांगता येणार नाही, बाई. आणि आता सांगून उपयोगही नाही. संध्याकाळपर्यंत मला निरोप द्या." टांगेवाल्यानं घोडं वळवलं. भिमाजी वेशीपर्यंत पोचवायला गेला आणि परत आला तो दहा वर्षांनी म्हातारा होऊन.

आता घरात फक्त घरचीच माणसं उरली, आणि घरची माणसं एकमेकांना जेवढं लागेल असं बोलतात तेवढं शत्रूलाही जमत नाही. सुरुवात बजरंगानं केली.

"मी तवाच म्हनलो हुतो, मार ताजा हाय, पाय लावू नगा. पन हितं पायाळूच्या म्होरं कुनाचं चालतंय?"

"कवा म्हनलास रं?" मुक्ताबाई उसळली. "तूच त्याला उचलून माज्या म्होरं आनलास. 'आत्या, येक डाव पाय लाव, उंद्या नांगर धरायचाय,' ह्ये कोन बोललं? आन् भावाला उधळल्या बैलांम्होरं हुबं कुनी केलं? तुज्या गाड्याचा नंबर हुकू नये म्हनून पोरगं आडवं घातलंस!"

"आत्या, तोंड संभाळ."

"तू बैलं संभाळली असतीस तर ही येळ आली नसती!"

"गप ऱ्हावा दोगं!" भिमाजी ओरडला. "त्यो आत पडलाय, त्याला ऐकू जातंय समदं."

गेणू अजून उंबऱ्याजवळ उभाच होता. पाहुणा म्हणून त्याला बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं. तो म्हणाला, "आबा, भांडून काय उपेग? आमच्या रेलवेत येकाचं पोट फाडलं मुंबईला. आज डबं जोडतोय त्यो. माज्या भनीचं कुकू हाय ह्ये. उंद्याच्या गाडीनं पुन्याला नेऊ, मी येतो संगट."

"पाव्हणं, पोरगं आमचं हाय," भिमाजी म्हणाला. "देवानं दोन दिलं ते काय उगाच? डोळं दोन दिलं, हात दोन दिलं. त्यातलं येक काढून कुत्र्याला टाकायचं? उंद्या दुसरं बिघाडलं तर मग काय माजं काळीज काढून बशिवनार हायत का ते?"

"डाक्तर म्हनलं की येकावर निभतंय."

"डाक्तर म्हनलं! डाक्तरानं बघितलंय का आतमंदी?"

"आता बघतीलच की," बजरंग म्हणाला. त्यानं विळा पुन्हा हातात घेतला होता आणि बोट त्याच्या पात्यावरून फिरवत होता. "फाडल्याव समदं दिसंलच त्येंना. जुवाचा घाव हाय का टाचेचा, ते बी कळंल. येकदाचा निकाल लागंल."

मुक्ताबाईच्या डोळ्यांसमोर आलं: पांढरे कपडे घातलेले डॉक्टर, उघडी पडलेली पाठ, आणि त्यांच्यातला एक जण मान वर करून म्हणतो, हे बाईच्या पायाचं काम. मग तिकोणा पेठेपासून आंबीपर्यंत एकच बोभाटा होईल. कुसगावच्या पायाळूनं पुतण्याला लाथेनं मारलं. आणि गंमत अशी, की बजरंगाचंही तोंड बोलता बोलता उतरलं होतं. निकाल लागेल असं म्हटलं खरं, पण निकाल आपल्याविरुद्धही लागू शकतो हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

भिमाजी बहिणीकडे वळला. "मुक्ते, तूच बोल. तुज्या मांडीवर वाडलाय त्यो. तू म्हनशील ते."

हे खरं होतं. अंबाजी पाळण्यात असताना त्याची आई गेली. मुक्ताबाई त्याच साली कपाळ पुसून माहेरी आलेली. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून हाकललेली ती पोर आणि ते आईवेगळं पोरगं एकमेकांच्या आधारानं वाढली. बजरंग तोवर बापामागं शेतावर जाण्याइतका झाला होता. पण अंबाजी तिचाच. ताप आला की तो 'आई' म्हणून कण्हायचा नाही, 'आत्या' म्हणून कण्हायचा.

"पानी देऊन येते त्याला," ती म्हणाली आणि आत गेली.

अंबाजी जागाच होता. तिनं तांब्या पुढं केला, तर त्यानं तो बाजूला सारून तिचं मनगट धरलं. "आत्या, मला कापू देऊ नगंस."

"आरं, बरं करन्यासाटीच कापत्यात."

"मला ठावं हाय. पन मला भ्या वाटतंय. बेशुद्ध करून निजवत्यात आन् मानूस उठतच न्हाई. आबा तुजं ऐकत्यात. तू न्हाई म्हन. थोडं दिस थांब म्हन. मी बरा हुईन, आत्या, तुजी आन." इतका मोठा बाप्या, मिशा आलेला, आणि डोळ्यांत टचकन पाणी. मुक्ताबाईचं काळीज हललं. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

ती बाहेर आली तेव्हा सगळे तिच्याकडेच बघत होते. तिनं कुणाकडे न बघता सांगितलं, "खळं उठू द्या. भात झोडून, दानं घरात येऊ द्या. मग बघू. कापनीच्या तोंडावर घरचं मानूस पुन्याला न्हेऊन टाकायचं, कोन ऱ्हानार त्याच्यापाशी? आन् तोवर मीठ बंद करू, पुड्या देऊ. कुनी सांगावं, उतार पडंल बी."

"आत्या बराबर बोलली," बजरंग तात्काळ म्हणाला. "माजं बी ह्येच म्हननं हाय."

घटकेपूर्वी एकमेकांच्या झिंज्या उपटायला निघालेली ही दोघं. आता एका ओळीत उभी. भिमाजीनं मोठा श्वास सोडला. त्याला तर हेच ऐकायचं होतं. मुक्ताबाईला मात्र बजरंगाची ती साथ नकोशी झाली. आपण जे बोललो त्यात पोराची माया होती, हे देवाशपथ खरं. पण निव्वळ माया असती तर बजरंगाला ते इतकं सोईचं का वाटलं असतं? हा विचार तिनं तिथंच दाबून टाकला.

चुलीपाशी उभी असलेली झुंबरबाई दारात आली. थोरल्या दिरासमोर आणि सासऱ्यासमोर ती आजवर कधी तोंड उघडून बोलली नव्हती. पदर दातांत धरून, खाली बघत ती म्हणाली, "आत्याबाई, डाक्तर लवकर म्हनलं. चांगलं हाय त्याच्यावर रोज मारा हुतोय म्हनलं."

तिनं ऐकलं होतं. घरात एवढी माणसं, पण डॉक्टरांचं ते वाक्य नीट ऐकलं होतं ते चुलीपाशी उभ्या असलेल्या या पोरीनं. मुक्ताबाईनं तेव्हा तिला जवळ घ्यायला हवं होतं. निदान दोन शब्द बोलायला हवे होते.

"भाकरी करपतीय तुजी," मुक्ताबाई म्हणाली. "जा, बघ."

झुंबरबाई आत गेली. गेणूनं टोपी डोक्यावर घातली आणि जेवायला न थांबता निघाला. अंगणातून मागं वळून म्हणाला, "आबा, ह्ये तुमी चुकताय." पाहुण्याला उपाशी पाठवल्याचं भिमाजीला दिवसभर लागून राहिलं. त्यापेक्षा मोठं काही लागण्यासारखं घडलंय, असं त्या दिवशी कुणालाच वाटलं नाही.

मग कापणी लागली, आणि कापणी लागल्यावर मावळात कुणाला कशाची शुद्ध असते? भारे खळ्यावर आले. अंबाजी सावलीत बसून झोडणाऱ्यांकडे बघायचा. एक दिवस बघता बघता त्याचं नाक फुटलं आणि पुढ्यातली पेंढी लाल झाली. मुक्ताबाईनं त्याच्या टाळूवर कांदा ठेचून बांधला. रक्त थांबलं, तशी ती म्हणाली, "बघ, थांबलं की न्हाई?" मिठाशिवायची आमटी तो निमूट गिळायचा. त्याला एकट्याला अळणी नको म्हणून मुक्ताबाईनंही मीठ सोडलं. तेवढं तिला करता येण्यासारखं होतं.

खळं उठलं. मुक्ताबाई म्हणाली, आता न्यायला हवा. तर बजरंगानं बोटांवर दिवस मोजून सांगितलं, पौष लागतोय. पौषात कुणी नवं काम काढतं? पोरगी दाखवत नाहीत, घराचा पाया खणत नाहीत, आणि माणसाला फाडायला न्यायचं? भिमाजीनं मान डोलावली. मुक्ताबाई काय बोलणार? खळ्याची सबब तिनंच शिकवली होती, पौषाची बजरंगानं तिच्यापासून उचलली. डॉक्टरांनी दोनदा गडी पाठवला. दोन्ही वेळा त्याला गूळपाणी देऊन वाटेला लावलं.

संक्रांतीच्या सुमारास अंबाजी परसातून घरात येताना चौकटीवर धडकला. भर सकाळची वेळ, लख्ख ऊन. झुंबरबाई धावली, तर तो तिच्याकडे बघत राहिला, डोळे बारीक करून, बाजारात अनोळखी माणसाकडे बघावं तसा. मग मटकन खाली बसला.

"आत्या," त्यानं हाक मारली, "आता कापू दे. मला झुंबरीचं तोंड दिसंना झालं. धुकं पडल्यावानी दिसतंय. मी भ्यायलो हुतो, तवा तुला अडवलं. आता भेत न्हाई. माघ लागला की न्या मला."

माघ लागायची वाट कुणी बघितली नाही. बजरंगानंच गाडी जुपली. गेणूला निरोप गेला, तो मागचं सगळं गिळून आला. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात आठवडाभर तपासण्या चालल्या. दंडात औषध टोचून पोटाचे फोटो काढले. बारीक नळ्या घालून दोन्ही बाजूंची लघवी निरनिराळी काढली. त्या वेळी अंबाजी वेदनेनं कळवळला, पण हूं की चूं केलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाला, "येवडं झालं की झालं. डावं काढलं की म्या मोकळा." मग पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी जा, काय ते पाळंद्यांशी बोलून कळवतो.

म्हणून त्या सकाळी सगळे लोणावळ्याला पाळंद्यांच्या दवाखान्यात आले होते. अंबाजी बाहेर गाडीत पेंढ्यावर बसला, बजरंग बैलांपाशी उभा राहिला. डॉक्टरांनी भिमाजीला, मुक्ताबाईला आणि झुंबरबाईला आत बोलावलं. स्वतः उठून दार लोटलं.

"ऑपरेशन करता येणार नाही," ते म्हणाले.

"आता तर पोरगं तयार झालंय, डाक्तर," भिमाजी घाईघाईनं म्हणाला. "आमची बी समद्यांची मर्जी हाय. पौष बी सरला. ते डावं काढून टाका, तुमी म्हनला हुता तसं."

"डावं आता काढता येत नाही. त्याच्यावरच तो जगतोय. नीट ऐका. डाव्याची नळी चेंबलेली, म्हणून दाबाचा तडाखा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. ते आपलं कसंबसं टिकून राहिलं. उजवं चांगलं होतं, सगळा मारा त्यानं सोसला. ते आता निकामी होत आलंय. डावं काढलं तर हा आठवडाभरही जगायचा नाही. उजवं काढून उपयोग नाही, दाब तसाच राहील."

खोलीत औषधांचा उग्र वास भरून होता. भिमाजीनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "दसऱ्याला आनला असता तर?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले. "जर-तरचं कुणी सांगावं, भिमाजी."

"न्हाई, सांगा," मुक्ताबाई म्हणाली. "खोटं नगा बोलू, डाक्तर. सांगा."

"दसऱ्याला उजवं चांगलं होतं. तेवढं मी खात्रीनं सांगू शकतो, बाई. ऑपरेशनात काय झालं असतं, ते देव जाणे. पण करता आलं असतं."

"आन् आता?"

"जपा त्याला. मीठ नाही, श्रम नाहीत, त्रागा नाही. किती दिवस, ते मला विचारू नका."

भिमाजी लहान पोरासारखा रडायला लागला. "माज्या तोंडानं मी पाव्हण्याला वाटंला लावला. मीच मारलं पोराला."

"दादा, तू मला इचारलं हुतंस," मुक्ताबाई म्हणाली. "मी थांब म्हनले. तुजा ह्यात काय बी दोष न्हाई." ती झुंबरबाईकडे वळली. पोरीनं शिव्या द्याव्यात, केस धरून ओढावं, तोंडावर थुंकावं, काहीही करावं. "झुंबर, बोल काय तरी. तू सांगितलं हुतंस. मी तुला चुलीकडं धाडलं."

झुंबरबाईनं डोळे पुसले. "त्येंना आत्ता काय बी सांगू नगा," एवढंच म्हणाली, आणि दार उघडून आधी तीच बाहेर गेली.

पावलांचा आवाज ऐकून अंबाजीनं गाडीतून मान वर केली. "काय म्हनलं? कवा कापनार?"

बजरंगानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बैलांच्या आड जाऊन उभा राहिला. भिमाजी पागोटं बांधत राहिला. मुक्ताबाई गाडीपाशी आली, कडेच्या लाकडाला धरून उभी राहिली.

"कापनार न्हाईत," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हंजी कापायचं न्हाई म्हनलं डाक्तर. घरी जपायचं म्हनलं."

अंबाजीच्या सुजलेल्या तोंडावर हसू पसरत गेलं. दीड वर्षात तो असा हसला नव्हता. "खरं? आरं देवा! आन् मी हितं मनाची येवडी तयारी करून बसलोय!" त्यानं चाचपडत मुक्ताबाईचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. "तुजंच खरं निगालं बग, आत्या. तू खळं उठू द्या म्हनून थांबवलंस, म्हनून वाचलो. न्हाई तर ह्येंनी दसऱ्यालाच फाडला असता मला, उगाच!"

मुक्ताबाईनं तोंड उघडलं. झुंबरबाई त्याच्या शेजारी बसून त्याच्या गळ्याभोवती उपरणं नीट करत होती. तिनं मान वर करून मुक्ताबाईकडे एकदा पाहिलं, आणि आत्याबाईला बसायला जागा व्हावी म्हणून पेंढा बाजूला सारला.

गाडी कुसगावच्या वाटेला लागली. अंबाजीला समोरचं माणूस ओळखू येत नव्हतं, पण आवाज येत होते. बाजाराला निघालेली ठाकरवाडीची बाया नावाची ओळखीची ठाकरीण वाटेत भेटली, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन. "कसं हाय आता, भाऊ?" तिनं विचारलं.

"बेस हाय, बाया!" अंबाजी ओरडला. "कापायचं टळलं! आमच्या आत्यानं वाचिवलं मला!"

बायानं मोळीखालूनच मुक्ताबाईला हात जोडले. पुढं सडकेवर जो जो भेटला, त्याला त्याला अंबाजी तेच सांगत गेला, आणि प्रत्येक वेळी मुक्ताबाईला होकाराची मान डोलवावी लागली.